चांदोबा, चंदामामा आणि सीमेवरचे मूल

राजगड म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर मुरुंबदेवाचा डोंगर आणि शिवरायांची पहिली राजधानी उभी राहते. मी ज्या राजगढहून लिहितो आहे ते धार जिल्ह्याच्या सरदारपूर तहसिलीतील बाजारपेठेचे एक गाव आहे. मध्य प्रदेशात राजगढ नावाचा एक स्वतंत्र जिल्हाही आहे. त्यामुळे पत्ता लिहिताना ‘धार’ हा शब्द ठळक लिहावा लागतो. मूळ शब्द एकच. मराठीने त्यातला महाप्राण टाकून ‘गड’ केला, हिंदीने तो राखून खाली नुक्ता दिला, आणि मराठीने टाकलेला तो महाप्राण ‘गढी’त मात्र जपून ठेवला. एका शब्दाचे दोन भाषांत असे दोन संसार होतात, ही गोष्ट येथील मराठी मुलाला शाळेत कोणी शिकवीत नाही. पाटीवरचे नाव वाचताना ती त्याला आपोआप कळते.

राजगढच्या बाजारात कान देऊन उभे राहावे. पेढीवर गुजराती आणि मारवाडी वळणाची बोली, गल्लीत माळवी, हाटाच्या दिवशी भिली आणि भिलाली, शाळेत व न्यायालयात हिंदी. गावालगत मोहनखेडा हे जैन तीर्थ आहे. ‘अभिधान राजेंद्र’ हा प्राकृत शब्दांचा सात खंडांचा महाकोश रचणारे आचार्य राजेंद्रसूरी १९०६ मध्ये राजगढ येथेच निवर्तले. ज्या प्राकृतातून आपली मराठी उदयास आली तिचे शब्द गोळा करण्यात आयुष्य वेचलेल्या पुरुषाचे हे गाव; आणि येथे मराठी बोलणारी घरे मात्र बोटांवर मोजावीत इतकी.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या सीमा चळवळीतील एक मत आहे. ते बेळगावकडे ऐकू येते, बिदरकडे ऐकू येते, बुऱ्हाणपूरकडेही. सीमाभागातील मराठी मुलाच्या हाती शेजारच्या भाषेतील गोष्टी, मग त्या भाषांतरित का असेनात, देऊ नयेत. आधीच शाळा, फलक, कागदपत्रे यांवर दुसऱ्या भाषेचे ओझे आहे, त्यात घरातले वाचनही त्यांच्याच कथांचे झाले तर उरले काय, असा तो युक्तिवाद. हे मत मांडणारी माणसे मी जाणतो. त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, तुरुंग पाहिला आहे, आणि त्यांच्या भीतीला इतिहास आहे. म्हणून हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरीही तो चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा मी माळव्यातून देणार आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील, कारण त्यांच्या सरमिसळीतूनच हा घोटाळा होतो. शासनाने एखादी भाषा लादणे ही एक गोष्ट. मुलाने एखाद्या भाषेतील कथा आवडीने वाचणे ही दुसरी. पहिलीविरुद्ध आपल्यापाशी घटनात्मक आधार आहे. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्ये अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. कर्नाटक शासनाच्या भाषा धोरणासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की मुलाची मातृभाषा कोणती हे ठरविण्याचा अधिकार पालकांचा आहे. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम म्हणून शासन ती लादूही शकत नाही. हा निर्णय कोणाला रुचला, कोणाला नाही. पण त्यातले तत्त्व आपल्यालाही लागू आहे. जे शासनाने मुलावर लादू नये, ते चळवळीनेही लादू नये. मुलाच्या वाचनाला कोणतीही अनुसूची लागू होत नाही.

मराठी बालवाङ्मयाचा जन्मच मुळी भाषांतरात आणि महाराष्ट्राबाहेर झालेला आहे, याचा आपल्याला विसर पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरच्या सरफोजी राजांच्या छत्रछायेखाली इसापाच्या नीतिकथा ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत आल्या आणि तेथेच छापल्या गेल्या. मराठी मुद्रणाच्या अगदी पहाटेचे हे पुस्तक; लेकरांसाठी लिहिलेले, ग्रीक गोष्टींचे, तमिळ मुलखात छापलेले. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी मुंबईत ‘बाळमित्र’ सिद्ध केले. ते बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाचे इंग्रजीवरून केलेले भाषांतर होते. ‘वेताळपंचविशी’ही छत्र्यांचीच. ‘आनंद’ मासिक १९०६ मध्ये सुरू करणारे वासुदेव गोविंद आपटे हेच बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणणारे. साने गुरुजी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात होते तेव्हा त्यांना दाक्षिणात्य भाषांची ओढ लागली. तिरुक्कुरळ मराठीत आणण्यापर्यंत ती ओढ पोहोचली, आणि आयुष्याच्या अखेरीस आंतरभारतीची कल्पना त्यांनी त्यातूनच मांडली. ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या माणसाला तमिळ नीतिग्रंथ मराठीत आणताना मराठीचे काही उणे होते आहे असे वाटले नाही.

आता माझा साक्षीपुरावा. आमच्या पिढीच्या लहानपणी राजगढसारख्या गावात मराठी पुस्तक दुर्मीळ होते. पण ‘चांदोबा’ येत असे. आमच्या घरी तो टपालाने येई, आणि शेजारच्या माळवी घरात हिंदी ‘चंदामामा’ येई. आम्ही दोघे मुले ओट्यावर बसून दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवीत असू. चित्रे तीच. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशानातले झाड. राजा विक्रम दोन्हीकडे त्याच पावलाने चालत असे. फक्त वेताळ त्याच्या अंकात हिंदी बोले आणि माझ्या अंकात मराठी. पुढे कळले की या मासिकाचा आरंभ १९४७ मध्ये मद्रासेत नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी तेलुगू आणि तमिळ आवृत्त्यांनी केला. कन्नड व हिंदी आवृत्त्या १९४९ च्या, मराठी ‘चांदोबा’ १९५२ चा. म्हणजे आम्ही राजगढच्या ओट्यावर जे करीत होतो तेच बेळगावच्या एखाद्या वाड्यात मराठी आणि कन्नड मुले करू शकत होती. विक्रमादित्य लोकपरंपरेत उज्जयिनीचा, म्हणजे आमच्या माळव्याचा. त्याची गोष्ट मद्रासेत जुळविली जाई, तेथील चित्रकार तिला रूप देई, आणि ती मराठीतून पुन्हा माळव्यात येई. या फेऱ्यात मराठीचे काय गेले?

उलट काहीतरी आले, आणि ते नेमके काय आले हे मला सांगायचे आहे. एकाच चित्राखाली दोन भाषा वाचताना मुलाला भाषांतर या क्रियेचा शोध कोणी न सांगता लागतो. हिंदीत राजाने जे केले ते मराठीत सांगताना क्रियापद कोठे जाते, आदरार्थी बहुवचन कोठे येते, एखादा शब्द तिकडे एक आणि इकडे दोन का लागतात, हे तो पाहतो. व्याकरणाच्या तासाला जे जांभया देत ऐकावे लागते ते येथे वेताळाच्या प्रश्नाइतके रंजक होते. आणि त्यात खोड्या असतात. हिंदीत मास्तर ‘शिक्षा’ देतात तेव्हा मूल शिकते. मराठीत देतात तेव्हा अंगठे धरून उभे राहते. हिंदीतला डबा ‘खाली’ असतो, मराठीतला डबा खाली असूनही भरलेला असू शकतो. हिंदीत ‘चेष्टा’ केली की शाबासकी, मराठीत केली की धपाटा. आणि सर्वांत लाडका विनोद म्हणजे ‘आई आई’. हे दोन शब्द आमच्या घरचे कोणतेही पोर ओरडू शकते. पहिला मराठी, दुसरा हिंदी, अर्थ एवढाच की आई आली. माळव्यातल्या मराठी मुलाची ही खास मिळकत आहे. पुण्याच्या किंवा भोपाळच्या मुलाला ती नाही. पण मला सांगा, कोणत्या मराठी बालपुस्तकात ती सापडते?

माळव्याची खरी गोष्ट येथे सुरू होते. धार आणि देवास येथे पवारांची, इंदूरला होळकरांची, ग्वाल्हेरला शिंद्यांची राज्ये होती. देवासात तर थोरली आणि धाकटी अशा दोन पाती. त्यांच्याबरोबर आलेली कारकून, शिक्षक, वकील, पुरोहित यांची कुटुंबे सुमारे दोनशे वर्षे मराठीत वाढली. १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात आला, आणि कारभार हिंदीत स्थिरावला. येथे मराठीवर कोणी बंदी घातली नाही. फलक पुसले नाहीत, मोर्चे अडविले नाहीत. इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा अखिल भारतीय साहित्य संमेलने भरली. शिवाय आमच्याकडे लिपीची भिंतही नाही. बेळगावच्या मुलाला दोन लिप्या शिकाव्या लागतात. राजगढचा हिंदी शाळेतला मुलगा मराठी पुस्तक त्याच दिवशी उघडून वाचू शकतो. ‘चार’ मधला आणि ‘चाक’ मधला च वेगळा हे एकदा कानाने शिकले की पुष्कळ झाले.

एवढे सारे अनुकूल असून येथील तिसऱ्या-चौथ्या पिढीतील मुले मराठी बोलतात, पण वाचीत नाहीत. माझ्या ओळखीच्या घरांत हे चित्र सर्रास आहे. सीमाभागातील मित्रांनी या वस्तुस्थितीचा शांतपणे विचार करावा. दडपशाही नसताना, लिपी एक असताना, भाषा घरात जिवंत असताना वाचन का थांबले? हिंदी वाचले म्हणून थांबले, हे उत्तर टिकत नाही. हिंदी वाचणाऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीने मराठीही भरपूर वाचले. मुलांनी पुस्तके हातात घेऊन पाहिली आणि त्यांत त्यांना ते स्वतः दिसले नाहीत, हे कारण मला अधिक पटते.

मराठी बालपुस्तकातले मूल पुण्यात राहते, मुंबईच्या चाळीत राहते, कोकणात आजोळी जाते, किंवा देशावरच्या एखाद्या खेड्यात बैलांमागे धावते. माळव्यात राहणारे, शाळेत हिंदी व घरी मराठी बोलणारे, ‘मी येऊन राहिलो आहे’ असे म्हणून पुण्याच्या मावसभावाचे हसू ओढवून घेणारे मूल तेथे नाही. फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत १९१० साली इंदूरला जन्मले. त्यांनी बनेश फेणेला फुरसुंगीचा केला, आणि फुरसुंगीला अमर केले. लेखकाचा तो अधिकारच आहे. तरी मनात येते, त्या धडपड्या पोराचा एखादा मित्र इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतला असता तर! राजकवी भा. रा. तांबे यांच्या कविता मराठी पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातला, शिक्षण झाशी-देवासचे, आयुष्य मध्य भारतात गेले. त्यांच्या गेय रचनेला त्या हिंदी परिसराचा स्पर्श आहे. पण वर्गात तांबे शिकविताना देवासचे नाव किती शिक्षक घेतात?

मुक्तिबोध बंधूंचे घर तर आमच्या दुभाषिक जगाचे प्रतीकच म्हणावे. थोरले गजानन माधव १९१७ मध्ये श्योपूरला जन्मले आणि आधुनिक हिंदी कवितेचे एक शिखर झाले. धाकटे शरच्चंद्र १९२१ चे, इंदूरचे; ते मराठीचे कवी, समीक्षक, कादंबरीकार. त्यांच्या एका कादंबरीचे नाव ‘क्षिप्रा’, दुसरीचे ‘सरहद्द’. एकाच आईची दोन मुले दोन भाषांत गेली आणि दोन्ही भाषांना श्रीमंत करून गेली. या घरावर मुलांसाठी मराठीत एखादे साधे, सचित्र पुस्तक असायला हवे होते. माझ्या पाहण्यात नाही.

गजानन माधवांच्या बाबतीत एक आठवण वकील म्हणून नोंदवतो. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक लिहिले. राजघराण्यांच्या सनावळ्या आणि लढाया यांपेक्षा समाज व संस्कृती कशी घडत गेली यावर त्याचा भर होता. १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली आणि प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले. दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये मुक्तिबोध गेले. किशोरवयीन मुलांनी अनेक संस्कृतींविषयी काय वाचावे याची मोठ्यांना केवढी धास्ती असते, याचे हे आमच्याच प्रांतातले उदाहरण. तेव्हा धास्ती शासनाला होती. ती आपल्या मनात येऊ लागली तर आपण कोणाच्या रांगेत उभे राहतो हे पाहावे.

बहुसांस्कृतिक साहित्य या नावाखाली जे पुष्कळसे छापले जाते ते मलाही रुचत नाही, हे येथे सांगून टाकतो. चार धर्मांची चार मुले एका चित्रात उभी करायची, प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी टोपी, चौघांचे सण चार पानांत, आणि शेवटच्या पानावर फुगे. अशा पुस्तकाचा वास मुलांना पहिल्याच पानावर येतो. ते पुस्तक त्यांना काही सांगत नसते, त्यांच्याकडून काही वदवून घेत असते. मुलाला ओढतो तो परका तपशील, आणि तोही पोटाशी, खेळाशी, शिक्षेशी निगडित असलेला. जपानची ‘तोत्तोचान’ मराठीत आली, हिंदीत आली, आणि माळव्यातल्या ज्या मुलांनी समुद्र कधी पाहिला नाही त्यांनीही ती वाचली. आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा, आणि जेवणाच्या डब्यात थोडे समुद्रातले व थोडे डोंगरावरचे काहीतरी असलेच पाहिजे हा मुख्याध्यापकांचा नियम, एवढे वाचले की मूल आपला डबा उघडून पाहते. आमच्याकडे समुद्रातले काय, तर मीठ, असे उत्तर मी एका आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकले आहे. जपानविषयी कोणताही धडा तिला एवढे विचार करायला लावू शकला नसता. त्या पुस्तकात सहिष्णुतेवर व्याख्यान नाही. पण पोलिओ झालेला एक मित्र आहे आणि एक झाड आहे.

अमेरिकेत रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये मांडलेली एक कल्पना बालसाहित्याच्या चर्चेत फार प्रसिद्ध आहे. पुस्तक कधी खिडकी असते, कधी आरसा. कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या जगाच्या खिडक्या पुष्कळ मिळतात, आरसा मिळत नाही, हे त्यांचे दुखणे होते. आपल्या सीमेवरच्या मुलाची स्थिती याहून थोडी चमत्कारिक आहे. शाळेतले हिंदी वा कन्नड पुस्तक त्याला खिडकी आहे असे आपण समजतो. पण रस्त्यावर, खेळात, दुकानात तो तेच जग जगतो, म्हणजे त्यात त्याचा अर्धा चेहरा आहे. मराठी पुस्तक त्याला आरसा आहे असे आपण समजतो. पण त्यातले पुणे त्याने पाहिलेले नाही. दोन्ही आरसे अर्धे. आणि पुरा चेहरा दाखविणारे पुस्तक तर अजून लिहिले गेलेले नाही. शेजारच्या भाषेतील कथा मराठीत आणणे हा त्या दिशेचा पहिला आणि सोपा उपाय आहे. मुलाचा बाहेरचा अर्धा भाग त्यामुळे मराठीत बोलू लागतो.

सीमाभागातील वाचकांना मी वेगळे सांगायला नको की कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. घरची भाषा कन्नड. १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात हवापालटासाठी ते देवासला आले, तेथेच राहिले, माळवी लोकगीते कानात साठविली, कबीर गायिले आणि ‘अनूपरागविलास’ मराठीत लिहिला. त्यांचे नाव घेऊन राष्ट्रीय एकात्मतेवर भाषण करण्याचा मोह अनेकांना होतो. मला त्यात एवढेच दिसते की ज्या बेळगाव परिसराला आपण केवळ वादाचा प्रदेश म्हणून ओळखतो तेथे कान किती प्रकारांनी घडू शकतो. द. रा. बेंद्रे मराठी घरातून कन्नड काव्याच्या शिखरावर गेले तेही याच पट्ट्यातून. आपल्या मुलांना या दोघांच्या गोष्टी मराठीत वाचायला मिळाव्यात, त्यांतली कन्नड लपवून न ठेवता.

आता आपल्या बाजूची कसोटी. राजगढच्या हाटात येणारे भिल्ल मूल आणि नंदुरबारच्या धडगावातले भिल्ल मूल यांत सातपुडा आणि नर्मदा आहे, पण बोलीचे नाते आहे. धार जिल्ह्याची अर्ध्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. येथे ते मूल हिंदी शाळेत बसते. तिकडे ते मराठी शाळेत बसते, आणि तिकडे बहुसंख्य आपण आहोत. अनुच्छेद ३५०-क आपण बेळगावसाठी उद्धृत करतो तेव्हा तो धडगाव, अक्कलकुव्यालाही लागू असतो, ही गोष्ट आपल्या निवेदनांत मला क्वचितच आढळली. वाहरू सोनवणे यांनी भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांत कविता लिहिली. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह १९८७ चा. नर्मदा खोऱ्यातील जीवनशाळांनी पावरी व भिलोरी बोलींतून मुलांना शिकविण्याचा प्रयत्न केला. हे प्रयत्न मराठीच्या विरोधात नव्हते. भिली गोष्ट मराठी मुलाने वाचली तर त्याला सातपुडा कळेल, आणि भिल्ल मुलाला कळेल की मराठी पुस्तकात आपल्याला जागा आहे. आपण कन्नड वा हिंदी बहुसंख्याकांकडून ज्या वागणुकीची अपेक्षा करतो तिचा पहिला हप्ता आपण येथे भरायला हवा. न्यायालयात याला स्वच्छ हातांनी येणे म्हणतात.

मागण्यांच्या बाबतीत एक व्यवहार्य सूचना करतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या अनुसूचीत शाळेच्या मानकांत ग्रंथालयाचा उल्लेख आहे: वर्तमानपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांवरची पुस्तके आणि त्यांत कथापुस्तकेही असावीत. आपल्या वकिलांचे लक्ष कलम २९ मधील मातृभाषेच्या माध्यमाकडे जाते, जिथे ‘शक्य असेल तेथवर’ अशी पळवाट आहे. अनुसूचीतील कथापुस्तकांपाशी तशी पळवाट नाही. भाषा कोणती हे तेथे लिहिलेले नाही, आणि हीच आपली संधी आहे. जिथे मराठी मुले शिकतात त्या हिंदी वा कन्नड शाळेच्या ग्रंथालयात मराठी कथापुस्तके ठेवा, आणि मराठी शाळेच्या ग्रंथालयात शेजारच्या भाषेतील कथांची मराठी भाषांतरे ठेवा, अशी दुहेरी मागणी केली तर तिला विरोध करणे कोणत्याही अधिकाऱ्याला अवघड जाईल. एकतर्फी मागणीचा अर्ज फायलीत पडून राहतो, हा व्यवसायातला अनुभव आहे.

पैशाचे म्हणाल तर प्रारंभासाठी फार लागत नाही. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके अनेक भाषांत आणि माफक किमतीत मिळतात; एकाच पुस्तकाची हिंदी आणि मराठी प्रत शेजारी ठेवली की चांदोबा-चंदामामाचा खेळ पुन्हा सुरू होतो. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून खुल्या परवान्याच्या सचित्र गोष्टी आहेत. त्या भाषांतरित करण्यासाठी व छापण्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागत नाही, लेखक-चित्रकाराचे श्रेय मात्र द्यावे लागते. आमच्या बाजूला डाव्या पानावर हिंदी वा माळवी आणि उजव्या पानावर मराठी अशी पुस्तिका काढणे तर आणखी सोपे, कारण जुळारी एकच. बेळगाव-बिदरकडे दोन लिप्या शेजारी शेजारी येतील. तेही मुलांना आवडेल, कारण ‘ಅ’ सारखी गोलाकार अक्षरे काढून पाहायला कोणत्या मुलाला नको असते? (हे एक अक्षर मी मुद्दाम कन्नडमध्ये काढले आहे.)

राजगढ आणि सरदारपूर येथील आम्ही काही मराठी कुटुंबे येत्या उन्हाळी सुटीत माळवी व भिली गोष्टी गोळा करून त्या मराठीत उतरविण्याचे काम हाती घेत आहोत. सांगणारी आजी जशी सांगेल तशी आधी टिपायची, नंतर भाषांतर, आणि दोन्ही पाठ एकत्र छापायचे, असे ठरले आहे. ‘येऊन राहिलो’ दुरुस्त करायचे नाही, हेही ठरले आहे. त्यावर आमच्यात बरेच वाजले. कन्नड, तेलुगू, कोकणी या भाषांतील लहान मुलांच्या गोष्टी ज्यांना मराठीत उतरविता येतील त्या सीमाभागातील वाचकांनी आपल्याकडच्या दोन-चार गोष्टी आम्हाला द्याव्यात. बदल्यात आमच्या गोष्टी आम्ही देऊ. पहिली गोष्ट मिळालेली आहे. ती एका भिल्ल आजीची असून तीत महि नदी गुजरातेत का निघून गेली याचे कारण सांगितले आहे. महिचा उगम याच तहसिलीतला, त्यामुळे नदी आपले गाव सोडून गेली याचा आजींना अजूनही थोडा राग आहे.